रात्रीचे औषध : ओळखीचे आणि कागदाचे

पालघर, बोईसर, चिंचणी, तारापूर या पट्ट्यात रात्री अकरानंतर औषध कसे मिळते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. अनेकांच्या घरचा तोच व्यवसाय आहे. दुकानाचे शटर खाली आलेले असते. पण दुकानदार वरच्या मजल्यावर किंवा मागच्या गल्लीत राहतो आणि त्याचा मोबाइल क्रमांक गिऱ्हाइकाकडे असतो. फोन गेला की तो सदऱ्याची बटणे लावत खाली येतो, अर्धे शटर उचलतो आणि वाकून आत शिरतो. कोणाच्या वडिलांना रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, हे त्याला पाठ असते. दहाच्या पट्टीतील चार गोळ्या कापून दिल्या जातात, पैसे सकाळी येतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे विनातारण कर्ज होय. तारण असते ते फक्त ओळखीचे.

कायदा याहून कडक आहे. परिशिष्ट एच मधील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देता येत नाही, आणि मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ मधील औषधांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवावी लागते. तरीही मध्यरात्री दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला चालू औषधाच्या दोन गोळ्या देताना दुकानदाराचे मन कायद्याआधी माणसाकडे पाहते. या व्यवस्थेने अनेक घरांच्या अवघड रात्री निभावून नेल्या आहेत, म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तिची हद्द लहान आहे. विरार ओलांडले की ती संपते.

पेढीवर बसण्याऐवजी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दुबई येथे मुलामुलींना पाठविणारी व्यापारी कुटुंबे आता जिल्ह्याच्या गावागावांत आहेत. निघताना बॅगेत खाकरा, थेपले, मसाल्यांचे डबे आणि कुकर जातो. औषधांची एक पिशवीही जाते. तापाच्या, पोटाच्या, सर्दीच्या गोळ्या आई हौसेने भरते. चिठ्ठी मात्र बहुतेक वेळा नसते, कारण घरी ती कोणी कधी मागितलेलीच नसते.

समजा, बोईसरचा एक मुलगा जर्मनीतील एखाद्या विद्यापीठाच्या गावी रात्री दोन वाजता पोटातील असह्य वेदनेने जागा झाला. बोईसरला त्या वेळी, उन्हाळा असेल तर पहाटेचे साडेपाच आणि हिवाळा असेल तर साडेसहा वाजलेले असतात. तो पहिला फोन घरी करतो. वडील सामायिकाला बसलेले, म्हणून आई फोन घेते. आई नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावते. ते फिरायला गेलेले असतात. मग मुंबईच्या मामांना विचारले जाते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ओवा, हिंग आणि गॅसची गोळी असे तीन सल्ले येतात. या सगळ्यात पाऊण तास जातो. मुलाच्या उशाशी असलेल्या फोनवरून ११२ हा क्रमांक मात्र अजून लावलेला नसतो. अपेंडिक्सला सूज आली असेल तर ती सात हजार किलोमीटरवरच्या नातेवाइकांचे एकमत होईपर्यंत थांबत नाही. छातीतील कळ किंवा अर्धांगाचा झटका यांत तर मिनिटे मोजावी लागतात. मेंदूतील गाठ विरघळविणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

घरी पहिला फोन करणे हा प्रेमाचा भाग आहे, यात शंका नाही. पण तो फोन दुसरा असावा, हे मुलाला विमानतळावर नव्हे, तिकीट काढतानाच सांगितले पाहिजे. पहिला फोन तिथल्या क्रमांकावर व्हावा.

क्रमांक देशागणिक बदलतात. अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये, न्यूझीलंडमध्ये १११, सिंगापुरात रुग्णवाहिकेसाठी ९९५, संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८ आणि पोलिसांसाठी ९९९, जपानमध्ये ११९. युरोपीय संघातील सर्व देशांत ११२ चालतो. एकच क्रमांक ठेवण्याचा निर्णय तिथे १९९१ साली झाला. भारतानेही पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी तोच आकडा स्वीकारला आहे. म्हणजे बोईसरला आणि बर्लिनला एकच क्रमांक लावायचा आहे, आणि तरीही दोन्हीकडे तो ऐन वेळी आठवत नाही.

फोनवर काय बोलावे, हेही आधी ठरलेले असावे. आधी पत्ता : रस्ता, घर क्रमांक, मजला, दारावर लिहिलेले नाव. मग काय झाले आहे ते एका वाक्यात. मग वय आणि रुग्ण शुद्धीवर आहे की नाही. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. ‘चित्रालयजवळ, मारुतीच्या देवळामागे’ असा पत्ता तिथे समजत नाही. खोलीचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त विमा होय. भाषेची भीती फार बाळगू नये. जर्मनीतही इंग्रजीत बोलता येण्याची शक्यता बरीच असते, आणि अमेरिकेतील रुग्णालयांत दुभाषा मागता येतो.

इथवर झाली ती जिवावरच्या प्रसंगाची गोष्ट. गोंधळ अधिक होतो तो मधल्या स्थितीत : ताप १०३, कान ठणकतो आहे, दम्याचा पंप संपला, रविवार आहे, दुकाने बंद. जीव धोक्यात नाही, पण सकाळपर्यंत थांबवतही नाही. बोईसरच्या माणसाला ही स्थिती वेगळी म्हणून जाणवतच नाही, कारण घरी दोन्हींचे उत्तर एकच असते : ओळखीच्या डॉक्टरांना फोन. अनेक प्रगत देशांनी मात्र या दोन गरजांसाठी दोन वेगळी दारे ठेवली आहेत. चुकीच्या दारात उभे राहिले की सहा-सहा तास बाकावर बसावे लागते. मग मुलगा घरी सांगतो की इथले डॉक्टर लक्ष देत नाहीत.

ब्रिटनमध्ये हे दुसरे दार म्हणजे १११. क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. पलीकडील व्यक्ती प्रश्न विचारून ठरविते की फार्मसी पुरे, रात्रपाळीचा डॉक्टर हवा, की रुग्णवाहिकाच पाठवावी. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत ८११ वर परिचारिका सल्ला देते. अमेरिकेत विम्याच्या कार्डाच्या मागील बाजूस अनेकदा परिचारिकेचा क्रमांक छापलेला असतो, आणि किरकोळ पण तातडीच्या दुखण्यासाठी ‘अर्जंट केअर’ नावाची केंद्रे असतात. मोठ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागापेक्षा तिथे खर्च पुष्कळ कमी येतो.

जर्मनीची व्यवस्था मात्र व्यापारी वाचकांनी जरा थांबून पाहावी अशी आहे. रात्री आणि सुटीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हा क्रमांक आहे. औषधासाठी पाळीची दुकाने आहेत. प्रत्येक भागात रोज रात्री कोणते दुकान उघडे राहणार हे आधीच ठरलेले असते, आणि बंद असलेल्या प्रत्येक दुकानाच्या दारावर त्या रात्रीच्या दुकानाचे नाव व पत्ता लावलेला असतो. पाळीच्या दुकानाचे दारही सताड उघडे नसते. घंटा वाजवायची, आतून एक लहान खिडकी उघडते, औषध त्यातून मिळते. रात्रीच्या त्रासापोटी अडीच युरो जादा आकारले जातात. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा तिथे किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच मिळते. ब्रिटनमध्ये ती सुपरमार्केटच्या फळीवर असते. हा फरक ठाऊक नसलेला नवखा विद्यार्थी रविवारी जर्मन शहरात तापाची गोळी शोधत फिरतो.

बेल्जियममध्येही पाळीची औषधालये आहेत, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरसाठी १७३३ हा क्रमांक आहे. अँटवर्पचे नाव या मासिकाच्या वाचकांस नवे नाही. हिऱ्यांच्या व्यापारासाठी पालनपुरी जैन कुटुंबे तिथे गेली, स्थिरावली, विलरेकला त्यांनी संगमरवरी मंदिरही उभारले. अशा ठिकाणी नव्याने जाणाऱ्याला बोईसरसारखीच ओळखीची सोय लाभते. कोणीतरी काका फोन उचलतात. त्यांनीही शेवटी त्या देशाचाच क्रमांक लावायचा असतो, पण सोबत येणारा माणूस असणे ही रात्री दोन वाजता लहान गोष्ट नव्हे. संघ किंवा मंदिर असलेल्या शहरात पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथे जाऊन नाव नोंदविण्याचे हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

आता औषधाच्या नावाविषयी. तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांची मूळ भुकटी, म्हणजे धंद्याच्या भाषेत बल्क ड्रग, मोठ्या प्रमाणावर तयार होते. लुपिन, आरती ड्रग्ज यांसारख्या कंपन्यांचे कारखाने येथे आहेत आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसारखी द्रव्ये येथून देशोदेशी जातात. ज्या गावाच्या हवेला त्या कारखान्यांचा वास येतो, त्याच गावचा माणूस परदेशात मेटफॉर्मिनच्या दुकानासमोर उभा राहतो आणि कागद नसल्याने हात हलवीत परततो. त्याने सांगितलेले नाव भारतीय कंपनीचे असते. तिथल्या फार्मासिस्टला ते ठाऊक नसते. पॅरासिटामॉललाच अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, आणि दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. भारतात एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र करण्याची रीत फार आहे. ती मिश्रणे तिकडे सहसा मिळत नाहीत. काही औषधे तर त्या देशात नाहीतच : मधुमेहासाठी येथे सर्रास लिहिले जाणारे वोग्लिबोज किंवा टेनेलिग्लिप्टिन अमेरिकेत प्रचारात नाही. सहा महिन्यांसाठी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांनी गोळ्या संपल्यावर हे शोधून काढण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पर्याय विचारून घ्यावा. औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ सालीच डॉक्टरांना सांगितलेले आहे. ती चिठ्ठी हक्काने मागावी. गोळ्या मूळ पट्टीतच, हातातल्या बॅगेत न्याव्यात. अमेरिकेत साधारणपणे तीन महिन्यांपुरते स्वतःचे औषध नेणे मान्य आहे. अमिरातीत मात्र कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या नियंत्रित आहेत. त्यांना आगाऊ परवानगी लागते. दुबईला दागिन्यांच्या प्रदर्शनासाठी चार दिवस जाणाऱ्यानेही औषधांची पिशवी एकदा उलटून पाहावी.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण व्यापारी घरात तो मनात आधी येतो आणि तोंडातून शेवटी बाहेर पडतो. अमेरिकेत रुग्णवाहिकेचे बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जाते, हे ऐकून अनेक मुले फोन करण्यास कचरतात. तिथला १९८६ चा कायदा असा आहे की, आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला पैसे आहेत की नाहीत हे न पाहता तपासून स्थिर करावेच लागते. बिल मात्र नंतर येते, आणि ते विम्याने भरायचे असते. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातील उपचार कोणालाही विनामूल्य आहेत. पण तिथून दाखल करून घेतले की, भेटीसाठी आलेल्या पाहुण्याला ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. विद्यार्थ्याने व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे तो यातून सुटतो. त्याला भेटायला गेलेले आईवडील सुटत नाहीत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे, म्हणून तो काढला जातो आणि न वाचता फाइलला लागतो. कर्जाचे कागद जितक्या बारकाईने पाहिले जातात, तितक्याच बारकाईने दोन कलमे पाहावीत. पहिले, सुरुवातीची किती रक्कम स्वतः भरायची आहे. दुसरे, आधीपासून असलेल्या आजाराबाबत काय लिहिले आहे. साठीच्या पुढील माणसाचे दुखणे बहुधा या दुसऱ्या कलमातच अडकते. स्वस्त पॉलिसी आणि महाग पॉलिसी यांतील खरा फरक तिथेच असतो.

जैन घरांपुरता आणखी एक प्रश्न आहे आणि तो तिथल्या डॉक्टरला आपणहून सुचणार नाही. चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. पर्युषणात अठ्ठाई करणारा आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर असतो. मधुमेहाची गोळी चालू असताना असा उपवास झाला तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. रुग्णवाहिकेतील माणसाला ‘फास्ट’ एवढे सांगून भागत नाही. किती तास किंवा किती दिवस अन्न घेतलेले नाही, पाणी केव्हा घेतले, गोळी घेतली की नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. पच्चक्खाणातच आजारपणासाठी आगार ठेवलेला आहे. रात्रीच्या औषधाने व्रत मोडते का, ही चर्चा आपत्कालीन विभागात करण्याची नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, तिथे गोळी वा पातळ औषध मिळेल का असे विचारता येते. रक्त पातळ करणारे हेपारिन हे सर्वत्र वापरले जाणारे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून काढलेले असते, आणि हे मुंबईतही तितकेच खरे आहे. फोंडापॅरिनक्ससारखे कृत्रिम औषध काही रुग्णांना पर्याय म्हणून चालते, पण प्रत्येक वेळी नाही. ज्या घराला याविषयी निर्णय घ्यायचा असेल, त्याने तो घरी, दिवसा, डॉक्टर आणि महाराजसाहेब दोघांशी बोलून घ्यावा. बेशुद्ध माणसाच्या उशाशी उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलावर तो टाकू नये.

नवा देश म्हणजे केवळ परदेश, असे समजण्याचे मात्र कारण नाही. १९६० च्या दशकात तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प उभा राहत असताना अमेरिकी अभियंते येथे येऊन राहिले होते. त्यांना हे गाव तितकेच परके होते. १९६९ साली प्रकल्प सुरू झाला, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली, आणि आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला कामगार बोईसरच्या चाळीत राहतो. त्याला शटरमागचा दुकानदार ओळखत नाही. नव्या संकुलांत राहावयास आलेल्या नोकरदारांनाही ओळखत नाही. जानेवारी २०२० मध्ये कोलवडे येथील कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचे प्राण गेले. अशा गावात रात्रीची मदत ओळखीवर सोडून चालत नाही.

राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो आणि शुल्क नाही. गरोदर महिला व नवजात बालकांसाठी १०२ आहे. पालघर जिल्हाही त्याच वर्षी १ ऑगस्टला अस्तित्वात आला, परंतु गंभीर रुग्णाला अजूनही वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा बचावलेल्या दोघांना आधी वापीला आणि मग मुंबईला न्यावे लागले. महामार्गावरून रोज मालाच्या गाड्या पाठविणाऱ्या घरांनी एवढे जाणून असावे की, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आले आहे. आणि पैसे वा पोलिसांचे कागद यांसाठी तातडीचा उपचार अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे.

राहता राहिली औषधाची रात्र. जर्मनीतील पाळीची पद्धत बोईसर-पालघरला आणण्यात अडचण एकच आहे, आणि ती खरी आहे : रात्रभर नोंदणीकृत फार्मासिस्ट बसवावा लागेल, त्याचा पगार कोण देणार? तिथे २०१३ पासून चिठ्ठीवरील प्रत्येक औषधाच्या पाकिटामागे काही सेंट एका निधीत जमा होतात, आणि ज्या दुकानाने रात्र काढली त्याला त्या निधीतून मोबदला मिळतो. येथे तसा कायदा नाही. पण औषध व्यापाऱ्यांची संघटना तालुक्या-तालुक्यात आहे, तिच्या सभासदांत या मासिकाचे वाचक पुष्कळ आहेत, आणि वर्गणी काढून खर्च वाटून घेण्याची रीत या समाजाला कोणी शिकवावी असे नाही. बोईसर स्थानकाच्या दोन्ही बाजूंची मिळून दहा दुकाने पाळीत आली, तर एका दुकानाच्या वाट्याला महिन्यात तीन रात्री येतात. उरलेल्या नऊ शटरांवर त्या रात्रीच्या दुकानाचा पत्ता मराठीत आणि हिंदीत लिहून लावायचा, एवढेच काम राहते.